हात खिशात

आमच्या घरात तीन माणसं आणि एक साहेब राहतात. माणसं म्हणजे दादा, वहिनी आणि मी. साहेब म्हणजे माझी पुतणी, नुकतीच तीन वर्षांची झालेली. हे नाव तिला दादानं ठेवलं, कारण ती उठली की घर उठतं, ती जेवायला बसली की बाकीचे भोवती उभे राहतात, आणि तिनं मान डोलावल्याशिवाय कुणाला उंबरा ओलांडता येत नाही. मी या घरात शिकायला म्हणून आलो होतो. शिक्षण संपलं, नोकरी लागली, तरी मी काही हललो नाही. "भावोजी, तुम्ही जाणार कधी?" असं वहिनी अधूनमधून विचारते, पण विचारता विचारता ताटात वाढत असते, त्यामुळे प्रश्न अंगाला लागत नाही.

वहिनी लग्नाआधीपासून कपड्यांच्या कारखान्यात होती. नमुना शिवायला. एखाद्या शर्टाचे ढीग निघायच्या आधी तिथं एकच शर्ट शिवतात आणि तो समोर ठेवून बाकीचे काढतात. तो पहिला शर्ट वहिनीचा. या कामानं तिची नजर पार बिघडून गेली आहे. रस्त्यात तिला माणसं दिसत नाहीत, खांदे दिसतात. "त्या गृहस्थांची कॉलर बघा, रुसून बसलीय," असं ती चालता चालता म्हणते, आणि मला त्या गृहस्थांकडे न बघितल्यासारखं करून बघावं लागतं. दादाला तिनं पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्याच्या एका बाहीची शिवण पिळलेली होती. "मला दया आली," ती सांगते, "तिथंच घोटाळा झाला."

साहेब जन्मले आणि कारखाना सुटला. तिथं सकाळी आत जायची वेळ ठरलेली, बाहेर पडायची देवाला ठाऊक. तान्ह्या मुलाला घेऊन ते जमणारं नव्हतं, आणि वहिनीनंही त्याचं कधी रडगाणं गायलं नाही. मग साहेब बालवाडीत जायला लागले. सकाळचे तीन तास घर रिकामं पडलं आणि वहिनीला कपाटं आवरायचा रोग जडला. कपाटं संपली तेव्हा तिनं माझ्या पँटा धरल्या. एका सकाळी बघतो तर सगळ्या पँटांच्या खालच्या शिवणी उसवून नव्यानं घातलेल्या.

"जुनी टीप वाकडी होती," ती म्हणाली.

"वहिनी, ती आतल्या बाजूला असते. कोण बघतंय?"

"कुणी बघायला कशाला हवं? मला माहीत होतं ना."

त्या रात्री जेवताना तिनं विषय काढला, की मला काम करायचंय. दादा मनानं चांगला आहे, पण कुठं बोलू नये ते त्याला बरोबर कळतं आणि तिथंच तो बोलतो. "अगं, पण तशी गरज काय आहे?"

वहिनीनं भातातला चमचा तसाच उभा ठेवला. "गरज आहे. दिवसातले तीन तास मला कुणाची आई, कुणाची बायको आणि कुणाची वहिनी नसायचंय. उरलेल्या वेळात मी दुप्पट होईन."

"दुप्पट वहिनी परवडणार नाही," मी म्हणालो. ती हसली, म्हणून विषय पुढं सरकला.

पण फक्त सकाळचे तीन तास काम देणारा माणूस शोधणं म्हणजे नाटकाचा एकच अंक विकत मागण्यासारखं. काम एकतर आख्खा दिवस गिळणारं, नाहीतर वेळ जायला म्हणून केलेलं. वहिनीनं दोन्ही करून पाहिलं. आधी घरी बसून झालरी शिवायचं काम आणलं. गठ्ठे सकाळी यायचे, संध्याकाळी जायचे आणि मधल्या वेळात साहेब त्यांच्यावर चढून उंच झाल्याचा आनंद घ्यायचे. आठवड्याच्या शेवटी वहिनी म्हणाली, "झालर शिवून शिवून माझं डोकंच चुणीदार झालं. ती कुणाच्या अंगावर जाते, कुठं लागते, काही कळत नाही." नंतर शेजारच्या बाईच्या नादानं ती चेहऱ्याला लावायची मलमं विकायला निघाली. पहिल्याच घरात गिऱ्हाइकाचा चेहरा नीट निरखून "तुम्हाला याची काही गरज नाही हो" असं सांगून परत आली. शेजारची बाई अजून आमच्याशी तोंडापुरतं बोलते.

अशात कारखान्यातून निरोप आला. नमुन्याची जागा रिकामी झालीय, हवी असेल तर परत ये, सोमवारपर्यंत सांग. जुनंच काम, जुन्याच वेळा. साहेबांना दिवसभर सांभाळायला एक बाई बघावी लागली असती. दादा म्हणाला, "तू ठरव." वहिनी झोपलेल्या साहेबांच्या पायातले मोजे काढायला बसली आणि मोजे काढून झाल्यावरही बराच वेळ तशीच बसून राहिली.

आता माझ्या नोकरीबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं तिच्यामुळं झालं. मी व्हीलचेअर दुरुस्त करतो. गावाकडच्या आमच्या शाळेत शिवण मुलींना आणि सुतारकाम मुलांना असायचं, त्यामुळे मला शिवता येत नाही. सुतारकामाचं म्हणाल तर तेही येत नाही, पण चाकं फिरवता येतात. ज्या केंद्रात मी जातो तिथं अर्धांग झालेल्या लोकांना हात-पाय वापरायला नव्यानं शिकवतात. तिथल्या प्रमुख डॉक्टरीणबाई उंचीनं माझ्या कोपराला लागतात, पण सगळे त्यांना मोठ्या बाई म्हणतात आणि त्या आल्या की माझ्यासकट सगळे ताठ होतात.

त्या दिवशी मी एका खुर्चीचा ब्रेक बसवत होतो आणि मोठ्या बाई कुणाला तरी सांगत होत्या, "चमचा धरायला शिकवता येतो, जिना चढायला शिकवता येतो. कपड्यांशी मात्र आपण हरतो. दुकानातले कपडे दोन हातांच्या माणसांसाठी शिवलेले असतात. शिवणारं कुणीतरी दिवसभर इथंच हवं."

मी ब्रेक तसाच सोडून उठलो. "बाई, माझी वहिनी..."

"ब्रेक बसव आधी," त्या म्हणाल्या.

वहिनी दुसऱ्याच दिवशी त्यांच्यापुढं उभी राहिली. दिवसभर नाही, सकाळचे तीन तास जमतील, हे तिनं पहिल्या वाक्यात सांगून टाकलं. मोठ्या बाईंनी चष्म्यावरून बघितलं. "मला पूर्ण वेळ माणूस हवाय. पण आधी एक शर्ट करून दाखवा. मग बोलू."

शर्ट होता ड्रायव्हरकाकांचा. त्यांनी सारं आयुष्य बस चालवली होती. आता उजवी बाजू गेली होती आणि उजवा हात मांडीवर परक्याच्या पिशवीसारखा पडलेला असायचा. त्यांचा मुलगा भल्या पहाटे कामावर जातो. जाण्याआधी तो वडिलांना शर्ट-पँट घालून, बटणं लावून, भांग पाडून खुर्चीत बसवतो. "लग्नाला निघाल्यासारखा बसतो मी," काका वहिनीला म्हणाले. "अंधारात तयार, अंधार पडेपर्यंत तयार. कुठं जायचं नाही, यायचं नाही. मला आपलं वाटेल तेव्हा उठून वाटेल तो शर्ट घालायचाय. दुपारी बारा वाजता घालीन नाहीतर घालणारच नाही. तुम्हाला काय करायचंय?"

"बरोबर आहे," वहिनी म्हणाली.

"आणि बनियनसारखं काहीतरी डोक्यातनं घालायला देऊ नका. या बाई तेच सांगतात. मी बटणांचा शर्ट घालणारा माणूस आहे."

वहिनीनं घरी बसून त्यांच्या खाकी शर्टाची बटणं काढली, ती काजांवरच शोभेला शिवून टाकली आणि आतून चर्रकन उघडणारी चिकटपट्टी लावली. स्वतःचा उजवा हात ओढणीनं कमरेला बांधून तो शर्ट घालून बघितला. साहेबांना हा खेळ फार आवडला. त्यांनीही हात बांधून घेतला आणि मग दूधही डाव्या हातानं पिऊन सगळ्या घराला पाजलं.

चाचणीच्या दिवशी मी मुद्दाम एक बरी असलेली खुर्ची दुरुस्तीला काढली. केंद्रात एक नियम आहे. शिकणारा माणूस कपडे घालत असताना बाकीच्यांनी हात पाठीमागं बांधायचे. कितीही वेळ लागू दे, तो मागत नाही तोवर बोट लावायचं नाही. मोठ्या बाईंनी हे वहिनीला सांगितलं, वहिनीनं मान हलवली आणि हात मागे घेतले.

काकांनी मेलेला हात बाहीत घातला. शर्ट मागून ओढून आणताना तो पाठीशी घसरला आणि अडकला. ते डावा हात मागं नेऊन चाचपायला लागले. एकदा, पुन्हा एकदा. दुसरी बाही खांद्यामागं लोंबत होती आणि हाताला लागत नव्हती. कपाळावर घाम आला. खोलीत कुणी हलेना. मला माझा पाना जड वाटायला लागला.

आणि वहिनीचे हात सुटले. तिनं पुढं होऊन बाही धरली, त्यांचा हात आत घातला, पट्टी वरून खाली दाबत आणली, कॉलर बसवली, जाता जाता केसांवरून हात फिरवला आणि म्हणाली, "झालं! शहाणं माझं बाळ ते!"

हे सगळं डोळ्यांची पापणी लवते न लवते तोवर. आयांचे हात असे असतात, त्यांना मालकीण लागत नाही.

काकांनी खाली बघितलं. डाव्या हातानं शर्टाचा गळा धरला आणि एका हिसक्यात पट्टी चर्रर्रकन उघडली. "मुलगा घालतो तेव्हा निदान बाळ तरी म्हणत नाही," ते म्हणाले. "मला तिकडं खिडकीपाशी सोडा."

मोठ्या बाई ओरडल्या नाहीत. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. "तुमची शिलाई छान आहे," त्या म्हणाल्या, "पण इथं कपडे घालून द्यायला माणसं पुष्कळ आहेत. ती त्यांच्या घरीच असतात."

घरी येताना बसमधून उतरता उतरता वहिनी म्हणाली, "बाळ म्हणाले मी त्यांना, भावोजी. त्यांच्या नातवाला मिशा असतील."

"तू मला ‘शहाणं बाळ’ म्हणाली नाहीस कधी," मी म्हणालो. यावर ती हसेल असा माझा अंदाज होता. चुकला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बालवाडीची घाई होती. साहेबांना स्वतःचा झगा स्वतः घालायचा होता. रोज हे युद्ध होतं आणि रोज वहिनी ते झटापटीत जिंकते. त्या दिवशी ती झगा घ्यायला पुढं झाली, थांबली, आणि पलंगाच्या कडेवर बसून तिनं दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले.

साहेबांनी संशयानं आईकडं बघितलं. मग झगा पलंगावर पालथा पसरला, घेराची बाजू स्वतःकडं, आणि मांजर पोत्यात शिरतं तसं त्यात डोकं घातलं. आतून बरीच धुसफूस ऐकू आली. एक हात गळ्यातून बाहेर आला, परत आत गेला, कुठं कुठं फिरला आणि बरोबर बाहीतून निघाला. बालवाडीला उशीर होत होता. वहिनीनं हात आणखी घट्ट दाबले. शेवटी साहेबांचं लालबुंद तोंड बाहेर आलं. झग्याची पाठ पुढं आली होती. आणि चेहऱ्यावर असं राज्य, की बालवाडीच्या बाईंनी अंगठे धरून उभं केलं असतं तरी उतरलं नसतं.

"बघितलंत?" वहिनी मला म्हणाली. "पाठीमागं घसरायला काही उरतच नाही. सगळं समोर असतं."

"म्हणजे डोक्यातनंच घालायचा. काकांना ते चालत नाही."

"त्यांना दिसायला चालत नाही," वहिनी म्हणाली आणि बालवाडीतून परत आल्या आल्या मशीनवर बसली.

तिनं त्या खाकी शर्टाचा खालच्या चार बटणांचा भाग आतून कायमचा शिवून टाकला. वरचा भाग सैल उघडा ठेवला. मेल्या हाताच्या बगलेत आतून एक मोकळी कळी, म्हणजे कापडाचा जास्तीचा तुकडा, घातली, की बाही वर सरकताना अडू नये. बाहेरून बघाल तर कडक बटणांचा शर्ट, कुठल्याही डेपोत सलाम ठोकावा असा. मग तिनं कपाटातून स्वतःचा एक कुर्ता काढला आणि त्याच्या दोन्ही बाजूंना खोल खिसे लावायला घेतले. बायकांच्या कपड्यांना खिसा देणारा अजून जन्माला यायचाय, ही तिची जुनी तक्रार आहे. आम्हाला वाटलं, तिनं कुणाची वाट न बघता तोच प्रश्न मिटवायला घेतला.

"मागे बांधले की सुटतात," ती टीप घालता घालता म्हणाली. "आत घातले की निदान बाहेर काढायला वेळ लागेल."

शनिवारी आम्ही पुन्हा केंद्रावर गेलो. न बोलावता. मोठ्या बाईंनी घड्याळ बघितलं, मग वहिनीच्या हातातला शर्ट बघितला. "ते ‘हो’ म्हणाले तर," त्या म्हणाल्या.

ड्रायव्हरकाका खिडकीपाशीच होते. वहिनी त्यांच्या समोर जाऊन उभी राहिली. "काका, मी परवा चुकले. माझ्या घरी तीन वर्षांची मुलगी आहे. हाताला सवय लागलीय. पण ती तुमच्यावर काढायची नव्हती."

काका बाहेर बघतच म्हणाले, "मुलगी ऐकते का?"

"अजिबात नाही."

"बरं आहे," काका म्हणाले. मग शर्टाकडं न बघता विचारलं, "आता हात कुठं ठेवणार?"

वहिनीनं दोन्ही हात खिशात घातले. मनगटापर्यंत गेले.

काकांच्या मिशीची एक बाजू हलली. दुसरी हलत नाही. "आणा," ते म्हणाले.

शर्ट मांडीवर पसरला. आधी मेला हात, बोटांनी ओढत ओढत कोपरापर्यंत. मग चांगला हात. मग शर्ट गोळा करून डोक्यावर. इथं काका आत अडकले. खाकी कापडाच्या आत एक डोकं इकडून तिकडं जात होतं आणि त्याच्या शिव्या ऐकू येत होत्या. त्या बसच्या इंजिनासाठी राखून ठेवलेल्या असाव्यात. मोठ्या बाईंचे हात मागे होते. माझ्या हातात पाना होता, तो मी दुसऱ्या हातात घेतला. वहिनीच्या खिशांत मुठी वळलेल्या दिसत होत्या. तिनं ओठ दातांत धरला होता आणि तिचे डोळे भिंतीवरच्या घड्याळाकडं जात होते, कारण बालवाडी सुटायची वेळ होत आली होती.

मी खूण केली, मी जातो. तिनं मानेनं नाही म्हटलं. मला आधी वाटलं, तिला मुलीची काळजी नाही. मग कळलं, तिला फक्त आवाज नको होता. मी दारापर्यंत गेलो असतो तर माझे बूट वाजले असते आणि आतल्या माणसाला वाटलं असतं, कंटाळून निघाले.

शर्टातून आधी विस्कटलेला भांग आला, मग कपाळ, मग लालबुंद काका. त्यांनी कॉलर खाली ओढली, वरची पट्टी दाबली. ती तिरकी बसली. कुणी सरळ केली नाही. त्यांनी डाव्या हातानं छातीवरची बटणं एकेक चाचपून बघितली, खरी असल्यासारखी.

मग त्यांनी शर्ट काढला.

"काय झालं? टोचतंय?" वहिनीनं घाबरून विचारलं. हात खिशातच.

"परत घालतो," काका म्हणाले. "मला कुठं जायचंय?"

दुसऱ्यांदा ते लवकर बाहेर आले. तिसऱ्यांदा घालायला लागले तेव्हा मोठ्या बाईंनी वहिनीला बाजूला घेतलं. मी खुर्चीचं चाक उगाच फिरवत कान तिकडं लावले.

"बाकीचे पण आहेत," त्या म्हणाल्या. "एका आजींना परकर बांधता येत नाही. एका मास्तरांची पँट. दिवसभर याल का?"

वहिनीनं एक श्वास घेतला. कारखान्याला सोमवारपर्यंत सांगायचं होतं आणि आज शनिवार होता. "नाही, बाई," ती म्हणाली. "सकाळीच. माझी मुलगी बालवाडीत असते तेवढंच."

"आणि ती आजारी पडली तर?"

"तर येणार नाही."

तेवढ्यात तिकडून खाकी कापडाच्या आतून आवाज आला, "बाई, दुपारी मशीन चालवलीत तर आम्ही झोपायचं कुठं?"

मोठ्या बाईंनी चष्मा काढून पुसला. मला वाटतं त्या हसू लपवत होत्या, पण त्यांच्याबद्दल असं काही खात्रीनं सांगता येत नाही. "कपड्यांचा तास तसा सकाळीच असतो," त्या म्हणाल्या. "तेवढा वेळ त्यांच्याजवळ थांबा, मापं घ्या. शिवायचं ते घरी, तुम्हाला जमेल तेव्हा. मुलगी आजारी असेल त्या दिवशी निरोप द्या. शर्ट काही पळून जात नाहीत."

"सोमवारपासून?" वहिनीनं विचारलं.

"सोमवारपासून. आणि आता जा, ती मुलगी वाट बघत असेल."

बसमधून उतरून आम्ही धावलो. म्हणजे वहिनी धावली, मी तिच्या मागं पाना घेऊन. रस्त्यातले लोक बघत होते, एक बाई पळतेय आणि एक माणूस पाना उगारून मागं लागलाय. बालवाडीच्या पायरीवर साहेब एकटेच बसले होते, शेजारी बाई. दोघींनीही आमच्याकडं सारख्याच नजरेनं बघितलं.

"कुठं होतीस?" साहेबांनी विचारलं.

वहिनी पायरीवर टेकली. तिला धाप लागली होती. मला वाटलं, आता ती माफी मागेल, जवळ घेईल, पापे घेईल. तिनं केस मागं सारले आणि सरळ सांगितलं, "कामाला गेले होते."

साहेबांनी त्यावर विचार केला. मग आपली पिशवी आईच्या मांडीवर ठेवली, पाण्याची बाटली माझ्या हातात दिली, आणि पुढं चालायला लागले.